वुडकॉक आणि ग्राउससाठी ब्रिटनीचे पिल्लू : निवड कशावरून करावी?

प्रश्न : आल्डरकाठ (डलूथ, मिनेसोटा)

नमस्कार. गेली अकरा वर्षे मी उत्तर मिनेसोटात राहतो आणि मागचे तीन हंगाम शेजाऱ्यांच्या ब्रिटनी जातीच्या शिकारी कुत्रीबरोबर रफ्ड ग्राउस आणि वुडकॉक या रानपक्ष्यांच्या शिकारीला जात आहे. ती मादी आता बारा वर्षांची झाली असून दुपारनंतर तिचे मागचे पाय साथ देत नाहीत. तिच्याबरोबर फिरूनच मला हा नाद लागला, त्यामुळे आता स्वतःचे पिल्लू घ्यावे असे ठरवले आहे. भारतात वन्यजीव संरक्षण कायद्याने अशी शिकार बंद असल्याने आमच्या घरात या विषयातले जाणते कोणी नाही, म्हणून इकडे परवाना काढून हंगामात शिकार करणाऱ्या मराठी मंडळींना विचारतो.

माझ्यासमोर दोन वेते आहेत. पहिल्या वेताच्या वंशावळीत घोड्यावरून पाहिल्या जाणाऱ्या फील्ड ट्रायलचे (शिकारी कुत्र्यांच्या मैदानी स्पर्धांचे) अनेक विजेते आहेत. दुसरे वेत एका लहान ब्रीडर बाईंकडचे, फ्रेंच वळणाच्या कुत्र्यांचे आहे. त्यांचे नर-मादी दर शरद ऋतूत जंगलात काम करतात, पण भिंतीवर चषक नाहीत. पहिल्या ब्रीडरने मला सात आठवड्यांची पिल्ले काठीला बांधलेल्या पंखासमोर पॉइंट धरून (म्हणजे त्याच्याकडे रोखून निश्चल) उभी असल्याचा व्हिडिओ पाठवला आणि पिल्ले जन्मतःच आखूड शेपटीची आहेत, हीच शुद्धतेची खूण, असेही सांगितले. याला किती महत्त्व द्यावे? शिवाय एक मित्र म्हणतात की स्पॅनियल गटातलाच शिकारी कुत्रा हवा असेल तर स्प्रिंगर जातीचा घ्या, काम तेच. हे खरे आहे का?

उत्तर १ : रानवाट (उत्तर विस्कॉन्सिन)

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तिथे चूक झाली तर पुढचे सगळेच चुकते. स्प्रिंगर आणि कॉकर पक्षी हुडकून थेट उठवतात, त्यामुळे ते बंदुकीच्या टप्प्यातच राहायला हवेत. ब्रिटनी मात्र वास लागताच थांबते आणि आपण पोहोचेपर्यंत पक्षी धरून ठेवते. ‘स्पॅनियल’ हा शब्द तिच्या नावात होता खरा, पण तिचे काम सेटरच्या (वास लागताच थबकणाऱ्या शिकारी कुत्र्यांच्या) जवळचे असल्यामुळे अमेरिकन केनेल क्लबने १९८२ मध्ये तो काढून टाकला. स्मॉल मुन्स्टरलँडर, फ्रेंच स्पॅनियल आणि हॉलंडचा ड्रेन्ट हे याच कुळातले, म्हणजे अंगाने स्पॅनियल आणि कामाने पॉइंटर. ब्रिटनीचा पहिला क्लब १९०७ मध्ये फ्रान्समध्ये लूदेआक येथे स्थापन झाला. त्या प्रांतात हिवाळ्यात वुडकॉक उतरतात, आणि काटेरी कुंपणांतून घुसून त्यांना शोधणारा, लहान घरात मावणारा कुत्रा तिथल्या सामान्य माणसाला हवा होता. तुमच्या आल्डरच्या (पाणथळ जागी वाढणाऱ्या झुडपांच्या) दाट झाडीत आजही तोच गुण कामाला येतो.

आता पंखाच्या व्हिडिओबद्दल. सात आठवड्यांचे पिल्लू पंखासमोर थबकते ते डोळ्यांनी पाहून. पॉइंटिंग जातीच्या बहुतेक पिल्लांमध्ये ते दिसते आणि त्यावरून नाकाचा काहीही अंदाज येत नाही. जंगलात पक्षी दिसतच नाही. कुत्र्याला हवेतल्या वासावरून, पक्षी किती दूर आहे आणि आणखी किती जवळ गेलो तर उडेल, याचा निर्णय घ्यावा लागतो. वुडकॉक या बाबतीत उदार असतो. तो पाचोळ्याशी एकरूप होऊन बसून राहतो, म्हणून कोवळ्या कुत्र्याचे पहिले धडे त्याच्यावरच होतात. ग्राउस मात्र पायी पळत सुटतो आणि कुत्रा दोन पावले जास्त सरकला तर झाडापलीकडून उडतो. आपल्याला फक्त पंखांचा गडगडाट ऐकू येतो. म्हणून ग्राउसवर चालणाऱ्या कुत्र्याची खरी लायकी म्हणजे पहिला वास लागला तिथेच, वीस पावलांवर का असेना, थांबण्याची उपजत सावधगिरी.

ही सावधगिरी पिंजऱ्यात वाढवलेल्या लाव्यांवर कळत नाही. माझा पहिला कुत्रा मी चषक पाहूनच घेतला होता. गवतात ठेवलेल्या लाव्यांवर तो असा देखणा उभा राहायचा की पाहणारे फोटो काढत. पण पाळीव लावा कुत्रा नाकाशी आला तरी उडत नाही, हे तो फार लवकर शिकला होता. जंगलात त्याने पहिल्या हंगामात एकही ग्राउस मला मारता येईल इतका वेळ धरून ठेवला नाही. प्रत्येक वेळी तो अंग चोरून पुढे सरकायचा आणि पक्षी निघून जायचा. दुसऱ्या हंगामात मी बंदूक घरी ठेवली आणि त्याला फक्त रानपक्ष्यांवर फिरवले, तेव्हा कुठे थोडा फरक पडला.

त्यानंतर मी एकच नियम पाळत आलो आहे: पिल्लाची आई रानपक्ष्यांवर काम करताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहायची. माझी आताची मादी जिच्या पोटची आहे, तिला मी ऑक्टोबरात पाहिले. ओलसर जमिनीवर वुडकॉकची चुन्यासारखी पांढरी शिट पडलेली होती आणि चिखलात चोचीने पाडलेली भोके ताजी होती. मादीच्या गळ्यातली घंटा वाजत होती ती एकदम थांबली. आम्ही पोहोचलो तेव्हा ती मादी एका वाकलेल्या फांदीखाली, पुढचा डावा पाय अर्धवट उचलून, खालचा ओठ थरथरत ठेवून उभी होती. तिने मालकाकडे फक्त डोळे फिरवले. मान हलवली नाही. आम्हाला झाडीतून वाट काढायला बराच वेळ लागला, पण पक्षी आणि मादी दोघेही जागच्या जागी होते. मी पिल्लाचे पैसे त्याच दिवशी दिले.

उत्तर २ : पशुवैद्य_मिशिगन

वरील मताशी मी सहमत आहे. आरोग्याची बाजू तेवढी सविस्तर मांडतो, कारण ब्रीडर बहुधा तिच्याविषयीच कमी बोलतात.

आखूड शेपूट ही शुद्धतेची खूण नाही. ब्रिटनीत जन्मतः शेपूट आखूड असण्याला एकच प्रभावी जनुक कारणीभूत असते आणि त्याची एकच प्रत पुरेशी असते. दोन्ही पालकांकडून ते जनुक मिळालेला गर्भ मात्र जगत नाही. म्हणून जन्मतः आखूड शेपटीच्या दोघांचा संयोग केला तर सरासरी एक चतुर्थांश गर्भ जन्माआधीच जातात आणि वेत लहान येते. लांब शेपटीची ब्रिटनी तितकीच जातिवंत असते. रंगाचेही तसेच आहे: अमेरिकन केनेल क्लबच्या मानकात काळा रंग बाद ठरतो, फ्रेंच मानकात तो चालतो, आणि नाकाला दोन्हींचे काही घेणेदेणे नाही.

खुब्याच्या सांध्यांचे एक्स-रे दोन्ही पालकांचे झालेले असावेत. ओएफए या कुत्र्यांच्या सांध्यांची तपासणी प्रमाणित करणाऱ्या अमेरिकन संस्थेचे अंतिम प्रमाणपत्र २४ महिन्यांनंतरच मिळते, त्यामुळे त्याआधी माजावर भरवलेल्या मादीचे ‘सगळे ठीक आहे’ हे वाक्य कागदाविना मानू नये. संयोगाआधी दोघांचीही ब्रुसेलोसिसची (संयोगातून पसरणाऱ्या, गर्भपात घडवणाऱ्या संसर्गाची) तपासणी झालेली असावी.

सर्वांत अवघड प्रश्न अपस्माराचा आहे, कारण या जातीत तो आढळतो आणि त्याची उपयुक्त जनुकीय चाचणी अजून हाती नाही. आनुवंशिक अपस्माराचा पहिला झटका बहुतेक वेळा सहा महिने ते सहा वर्षे या वयात येतो. याचा अर्थ, दोन वर्षांचा देखणा नर निरोगी दिसतो म्हणजे तो निर्दोष आहे, असे मुळीच नाही. हे मी अनुभवातून लिहितो आहे. माझा नर दोन वर्षांचा असताना त्याचे काम पाहून लोक मागे लागले आणि मी तीन वेतांसाठी त्याला दिला. साडेतीन वर्षांचा असताना एका रात्री स्वयंपाकघराच्या फरशीवर त्याच्या नखांचा खडखड आवाज ऐकून मी खाली आलो, तर त्याला झटका आलेला होता. मी त्या तिन्ही मादींच्या मालकांना फोन करून कळवले. पुढे त्याच्या पिल्लांपैकी दोघांना तोच आजार झाला. तेव्हापासून मी पाच-सहा वर्षांच्या नराखेरीज कोणाची शिफारस करत नाही. वीर्य गोठवून ठेवता येते, त्यामुळे थांबल्याने काही हातचे जात नाही. ब्रीडरला सरळ विचारा: या पालकांच्या भावंडांत आणि आधीच्या वेतांत कोणाला झटके आले आहेत का? जो ब्रीडर आधीच्या पिल्लांची खबर ठेवत नाही, त्याच्या ‘नाही’ला वजन नसते.

वंशावळ वाचताना चषकांपेक्षा एकच नाव किती वेळा आले आहे ते मोजा. सावत्र भावंडांच्या संयोगातून आलेल्या पिल्लाचा अंतःप्रजनन गुणांक (पालक किती जवळच्या नात्यातले आहेत याचे माप) १२.५ टक्के असतो, तर सख्ख्या भावंडांच्या संयोगात तो २५ टक्के होतो. कामाचे गुण पक्के करण्यासाठी नात्यातला संयोग करतात हे मला मान्य आहे, पण त्याबरोबर लपलेले दोषही पक्के होतात.

उत्तर ३ : गवताळ (नॉर्थ डकोटा)

घोड्यावरच्या ट्रायलच्या वंशाला इथे थोडा अन्याय होतो आहे, असे मला वाटते. माझ्याकडे शार्पटेल ग्राउस आणि करडे तित्तर उघड्या माळावर असतात. तिथे तीनशे यार्डांवर जाऊन पक्षी शोधून, मी चालत पोहोचेपर्यंत उभी राहणारी ब्रिटनी हवी, आणि ती मला त्याच वंशांतून मिळाली. त्या ट्रायलमध्ये दम आणि शोधाची ओढ यांची निवड पिढ्यान्‌पिढ्या झालेली आहे. हे गुण शिकवून येत नाहीत. मात्र दहा-पंधरा वर्षांच्या झाडांच्या दाट अ‍ॅस्पेनमध्ये, जिथे चाळीस यार्डांपुढे कुत्रा दिसत नाही, तिथे हीच ओढ मालकाला दिवसभर कुत्रा कुठे आहे ते दाखवणाऱ्या जीपीएसच्या पडद्याकडे पाहायला लावते. डलूथजवळ शिकार करायची असेल तर दुसरे वेत, हा सल्ला मीही देईन. वंश वाईट आहे म्हणून नव्हे. तो दुसऱ्या जमिनीसाठी घडवलेला आहे म्हणून.

आल्डरकाठ

आपण सर्वांनी इतका वेळ दिलात, मनापासून आभार. आणखी दोन शंका आहेत. जंगलात प्रत्यक्ष पाहता आले नाही, तर नॅव्हडा या शिकारी कुत्र्यांची परीक्षा घेणाऱ्या उत्तर अमेरिकी संस्थेच्या चाचणीच्या गुणांवर विसंबावे का? आणि पुढे एखादे वेत घ्यावे या विचाराने मादीच निवडावी का?

रानवाट

नॅव्हडाची नॅचरल अ‍ॅबिलिटी चाचणी उपयोगी आहे, कारण ती १६ महिन्यांपर्यंतच्या कुत्र्याचे नाक, शोध, माग, पाणी, पॉइंट, कामाची इच्छा आणि सहकार्य वेगवेगळे तपासते. ११२ पैकी किती मिळाले यापेक्षा कोणत्या सदरात कमी पडले ते विचारा, आणि एका पिल्लाचे नव्हे तर सगळ्या भावंडांचे गुण विचारा. वेतातल्या सहा जणांपैकी पाच जण चांगले निघाले, तर तो संयोग चांगला. एकच चमकला असेल, तर ते नशीब. चाचणीच्या मैदानावरच्या टप्प्यात माणसांनी आणून ठेवलेलेच पक्षी असतात, ही मर्यादा तेवढी लक्षात असू द्या.

मादी घ्यावी, पण वेताचा निर्णय आज करू नये. तिचे तीन हंगाम होऊ द्या. ग्राउस दूरवर धरते का, जखमी पक्षी नेच्यांतून शोधून आणते का, दुसऱ्या कुत्र्याच्या पॉइंटला मान देते का (म्हणजे तो थांबला की आपणही थांबते का), हे तेव्हा कळेल. तिची जी उणीव असेल ती नसलेला नर शोधायचा. दोघांची उणीव एकच असेल, तर तो संयोग कितीही सोयीचा असला तरी करायचा नाही.

पशुवैद्य_मिशिगन

एक व्यावहारिक भर घालतो. बीजविमोचनापासून साधारण ६३ दिवसांनी मादी विते आणि पिल्लू आठ आठवड्यांनी घरी येते. एप्रिलमध्ये जन्मलेले पिल्लू सप्टेंबरच्या मध्यावर हंगाम उघडतो तेव्हा पाच महिन्यांचे असते, म्हणजे पहिल्याच वर्षी त्याला वुडकॉक दाखवता येतात. शरद ऋतूत जन्मलेल्या पिल्लाचे ते सोन्यासारखे पहिले सहा महिने बर्फात जातात. दुसरे वेत कोणत्या महिन्यातले आहे?

आल्डरकाठ

आज ब्रीडर बाईंशी बोललो. पिल्ले अजून जन्मलेली नाहीत. मादी हिवाळ्यात माजावर येईल असा त्यांचा अंदाज आहे. नर सहा वर्षांचा असून दोघांच्याही खुब्यांची प्रमाणपत्रे त्यांनी लगेच पाठवली. आधीच्या एका वेतातील एका पिल्लाला जन्मतः हृदयाचा दोष होता, हे मी न विचारताच त्यांनी सांगितले. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांनी मला बंदूक न आणता, फक्त बूट घालून बोलावले आहे. पहिल्या ब्रीडरना मी आज नकार कळवला.