मदत हवी आहे : फरशीखाली काळा डांबरी थर, ग्राइंडर लावू का?

पुण्यात एरंडवण्यात १९७४ च्या इमारतीतला फ्लॅट आहे. हॉलमध्ये मोझॅकवर दोन-अडीच मिमी जाडीच्या राखाडी चौकोनी टाइल्स चिकटवल्यात. सुटलेली एक वाकवून पाहिली तर बिस्किटासारखी मोडली. खाली काळा थर. मिस्त्री म्हणतो, ग्राइंडरने दोन दिवसांत साफ करतो. ॲस्बेस्टॉस (जुन्या बांधकाम साहित्यात घालायचे ते तंतुमय खनिज, ज्याची धूळ फुप्फुसांना घातक) असेल का?

प्रतिसाद १
ग्राइंडर थांबवा, बाकी नंतर. पीव्हीसी-ॲस्बेस्टॉस टाइल्स आपल्याकडे बनायच्या, त्यांच्यासाठी आयएस ३४६१ हे भारतीय मानकही होतं. साधं व्हिनाइल (पीव्हीसी) वाकतं, या मोडतात. पण तेवढ्यावरून खात्री होत नाही, जुनं व्हिनाइलही कडक होतं. डोळ्यांनी ओळखता येत नाहीच. खालच्या डांबरी गमातही (टाइल चिकटवायच्या काळ्या थरात) तंतू असू शकतात, म्हणून टाइल आणि गम वेगवेगळे तपासायला सांगा.

नमुना : पंखा बंद, खोलीत दुसरं कुणी नको. लिटरभर पाण्यात भांड्यांच्या साबणाचे चार थेंब टाकून फवारा, ओल्यातच दोन इंची तुकडा गमासकट उचला. झिप पिशवी, तिच्यावर दुसरी पिशवी. जागा ओल्या फडक्याने पुसून चिकटपट्टी लावा, फडकंही पिशवीत बंद. कापडी मास्क उपयोगाचा नाही, पी१०० (अगदी बारीक धूळ अडवणाऱ्या) फिल्टरचा, नाकतोंड झाकणारा हाफमास्क घ्या.

प्रयोगशाळेत पोलराइज्ड लाइट मायक्रोस्कोपी (खास प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली तंतू ओळखायची चाचणी) मागा. टाइलमधले तंतू कधी कधी इतके बारीक असतात की या चाचणीतून निसटू शकतात. 'नाही' आलं तर इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपने (टीईएम) पक्कं करून घ्या.

प्रतिसाद २
वरचं बरोबर, पण काढायचंच कशाला? टाइल्स घट्ट असतील तर हात लावू नका. तरंगती (खाली न चिकटवता नुसती अंथरायची) एसपीसी, म्हणजे दगडाची भुकटी आणि प्लास्टिकच्या कडक पट्ट्यांची, फ्लोअरिंग वरून बसते, चार-सहा मिमी उंची वाढते, दारं खालून तासावी लागतील. सिरॅमिक टाइल मात्र नको, व्हिनाइलवर सिमेंटचा माल धरत नाही.

धागाकर्ता
मोडलेली टाइल झाडूने गोळा केली होती. आता?

प्रतिसाद १
एका टाइलने घाबरण्यासारखं काही नाही. आता झाडू किंवा घरचा व्हॅक्यूम फिरवू नका, बारीक धूळ त्यातून परत हवेत येते. ओल्या फडक्याने दोनदा पुसा. झाडू, फडकी, तुकडे सगळं जाड पिशवीत. चाचणी 'आहे' आली तर हा माल राडारोड्यात द्यायचा नाही. घातक कचऱ्याची सुविधा रांजणगाव एमआयडीसीत आहे, पाठवायची रीत प्रदूषण नियंत्रण मंडळाकडून विचारून घ्या.

मोझॅकची काळजी नको, त्यात सहसा ॲस्बेस्टॉस नसतं. पण पॉलिशला पाणी लावूनच, कोरडं नाही, सिमेंट-वाळूची सिलिका धूळ फुप्फुसांना बाधते.