जुना ६०४० सीएनसी राऊटर घेऊ का? पाहून आलोय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

भोसरीत एक जुना सीएनसी राऊटर (कॉम्प्युटरच्या हुकमाने लाकूड कोरणारं मशीन) विकायला आहे. ६०४० म्हणतात तो, म्हणजे ६०० बाय ४०० मिलिमीटरचं टेबल. मालक ८५ हजार सांगतोय. मी लाकडाचं काम हौस म्हणून करतो, पण सीएनसीला आजवर हात लावलेला नाही. शनिवारी मशीन पाहून आलो, येत्या रविवारी परत जाऊन हो की नाही ते सांगायचंय. त्याआधी जाणकारांनी जरा कान धरावा, म्हणून हा धागा.

कशासाठी हवंय ते आधी सांगतो, म्हणजे सल्ला देणं सोपं जाईल. माझी बायको वारज्यात बालवाडी चालवते. तिथल्या मुलांसाठी मी अक्षरं गिरवायच्या लाकडी पाट्या करतो. पाटीत अक्षर साधारण १० मिमी रुंद आणि ५ मिमी खोल कोरलेलं असतं, मूल त्या खाचेत बोट फिरवतं. पहिल्या सहा पाट्या पटाशी आणि हातराऊटरने केल्या. एका 'अ'ला अख्खा रविवार गेला. वर्गात एक मुलगी आहे, तिला फार कमी दिसतं. वहीतलं अक्षर तिला लागत नाही, पण पाटीवर बोट ठेवलं की "हा ळ" म्हणून लगेच सांगते. तिला पूर्ण मुळाक्षरं हवी आहेत, आणि मला ती या वर्षातच द्यायची आहेत.

मध्यंतरी एका ठिकाणी जॉबवर्कला देऊन पाहिलं. त्यांनी अक्षराची बाहेरची कड कोरून दिली, जशी दुकानाच्या बोर्डाची अक्षरं कापतात तशी. मला मधून जाणारी एकच रेघ हवी होती, हात जसा फिरतो तशी. दोनदा समजावलं, दोन्ही वेळा तेच झालं आणि पैसे गेले. म्हणून म्हटलं, मशीनच घ्यावं.

मित्राकडे छोटं ३०१८ आहे, ते का नको असं कुणी विचारेल. त्याचं कामाचं क्षेत्र ३०० बाय १८० आहे आणि माझी पाटी ३०० बाय २५०. शिवाय त्याच्या छोट्या मोटरने सागवानात १० मिमीची खाच घ्यायची म्हणजे फार हळू जावं लागतं.

आता या मशीनबद्दल. अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम, २० मिमीच्या गोल दांड्या, बॉलस्क्रू (आत गोळ्या असलेल्या नटाचे, मशीनचे भाग सरकवणारे स्क्रू) ५ मिमी लीडचे, म्हणजे एका फेऱ्याला ५ मिमी सरकवणारे. स्पिंडल (बिट फिरवणारी मोटर) ८०० वॉटचा, पाण्यावर थंड होणारा, ६५ मिमी व्यासाचा, ईआर ११ कॉलेट (बिट धरणारी पकड). वेगळा व्हीएफडी (स्पिंडलचा वेग ठरवणारा डबा). कंट्रोल बॉक्सला मागे २५ पिनांचा जुना पॅरलल पोर्ट (पूर्वी प्रिंटर जोडायचे तसला) आहे. मालकाकडे त्यासाठी जुना डेस्कटॉप होता, तो मध्यंतरी बंद पडला. त्यामुळे मशीन चालताना पाहता आलं नाही, फक्त व्हीएफडीच्या नॉबवरून स्पिंडल फिरवून दाखवला. आवाज मला बरा वाटला, पण मला त्यातलं काय कळणार.

वीज बंद असताना लांब अ‍ॅक्सिसचा स्क्रू (लांबीच्या दिशेने सरकवणारा) हाताने फिरवून पाहिला. एका टोकाकडे हलका जातो, पण मधल्या हातभर अंतरात बोटांना खरखर लागते, आत रवा अडकल्यासारखी. दांड्यांवर एका बाजूला गंजाचे बारीक ठिपके आहेत. मालक म्हणाला, दोन पावसाळे मशीन झाकून होतं. माणूस सरळ वाटला, जे विचारलं ते त्याने दाखवलं.

माझे प्रश्न: खरखर म्हणजे बॉलस्क्रू गेला का? पॅरलल पोर्टचं काय करायचं, माझ्याकडे फक्त लॅपटॉप आहे? रविवारी जाताना काय घेऊन जाऊ आणि काय तपासू? आणि ८५ हजार ठीक आहेत का?

*

प्रतिसाद:

भाऊ, काम चांगलं धरलंय. भोसरीत वीस वर्षं मशीनशॉपमध्ये काढली, त्यावरून सांगतो.

खरखर मधेच आहे आणि टोकाला नाही, हे तुम्ही नीट पाहिलंत. मशीन बहुतेक मधल्याच भागात वापरलं गेलंय. तिथे भुसा आणि जुनं ग्रीस मिळून चिकट लगदा झाला असेल, नाहीतर स्क्रूच्या खाचेलाच गंजाचे खड्डे पडले असतील. पहिलं असेल तर साफ करून निभावतं, दुसरं असेल तर स्क्रू आणि नट दोन्ही बदलावे लागतात. केरोसीनमध्ये बुडवलेल्या फडक्याने स्क्रू पुसा, टॉर्च मारा आणि नखाचं टोक खाचेतून फिरवा. नख अडकलं तर खड्डा आहे. एक लक्षात ठेवा, नट स्क्रूवरून काढू नका. गोळ्या सांडतात आणि पहिल्यांदा करणाऱ्याला त्या परत भरता येत नाहीत.

मशीन चालताना पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. त्याचा पीसी बंद आहे तर तुम्ही तयारी करून जा. लॅपटॉप, आर्डुइनो उनोवर (छोटा कंट्रोलर बोर्ड) जीआरबीएल (सीएनसी चालवणारं सॉफ्टवेअर) भरून, आणि २५ पिनांचा ब्रेकआउट बोर्ड (पोर्टच्या पिनांना सुट्या वायरी जोडायला). बुधवार पेठेत तपकीर गल्लीत असलं सगळं मिळतं. कंट्रोल बॉक्सला पल्स आणि दिशा एवढंच लागतं, ते आर्डुइनो देतो. मात्र कुठली पिन कुठल्या अ‍ॅक्सिसची हे डब्यागणिक वेगळं असतं, मालकाकडे कागद असेल तर त्याचा फोटो आजच मागवा. १८ ते २५ या पिना ग्राउंडच्या.

स्टेप्सचा हिशेब: मोटरचे एका फेऱ्याला २०० स्टेप, ड्रायव्हरवर (मोटर चालवणारा बोर्ड) ८ मायक्रोस्टेप, म्हणजे एका स्टेपचे ८ भाग, असतील तर १६००, भागिले ५ मिमी लीड, म्हणजे मिलिमीटरला ३२०. हा आकडा टाकून १०० मिमी जायला सांगा आणि मोजा. बरोबर ५० किंवा २०० गेलं तर ड्रायव्हरवरचे डिप स्विच (सेटिंगचे छोटे स्विच) वेगळे लावलेत. ९९ च्या आसपास गेलं तर घाईने आकडा बदलू नका, आधी कपलिंगचे (मोटर आणि बॉलस्क्रू जोडणारा तुकडा) बारीक ग्रब स्क्रू तपासा.

डायल गेज (बारीक हालचाल सुईने दाखवणारं मोजायचं साधन) कुणाकडून तरी मागून न्या, मॅग्नेटिक स्टँडसकट. गॅन्ट्रीला (स्पिंडल धरणारी आडवी कमान) टेकवा, एक मिलिमीटर पुढे, एक मिलिमीटर मागे. सुई शून्यावर आली नाही तर जेवढी कमी तेवढा प्ले, म्हणजे ढिलेपणा. मग स्पिंडलच्या नाकाला डायल लावून अंगठ्याने दाबा. गोल दांड्यांच्या मशीनला थोडी लवचिकता असणारच, तुमच्या कामाला ती चालेल. तिसरं, कॉलेट काढून आतल्या टेपरला (निमुळत्या भोकाला) डायल लावा आणि स्पिंडल हाताने फिरवा. तिथे सुई जेमतेम हलली पाहिजे. बेअरिंग गेली असतील तर ती इथे दिसतात, कानाला कळेपर्यंत फार उशीर झालेला असतो.

काटकोन गुण्याने पाहू नका, गुण्या लहान पडतो. एमडीएफच्या तुकड्यावर मशीनकडूनच ३०० बाय ४०० चे चार ठिपके मारून घ्या आणि दोन्ही कर्ण मोजा. दोन्ही ५०० आले पाहिजेत.

व्हीएफडीचे सगळे पॅरामीटर एकेक करून फोटोत घ्या. हे स्पिंडल ४०० हर्ट्झला २४,००० फेरे घेतात. कुणी व्हीएफडी रीसेट केला आणि बेस फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झवर गेली, तर स्पिंडल जळतो. घरी आणल्यावर असं दोन ठिकाणी झालेलं पाहिलंय.

आणि अर्थिंग. यावर माझा सगळ्यात जास्त जोर आहे, कारण तुमच्याकडे लहान मुलं ये-जा करत असतील. या स्पिंडलच्या कनेक्टरची चौथी पिन अर्थची असते, पण पुष्कळदा आतून बॉडीला जोडलेलीच नसते. मल्टीमीटर बीपवर ठेवून चौथी पिन आणि स्पिंडलची बॉडी तपासा. व्हीएफडीमुळे घरातला आरसीसीबी (वीज गळली की सप्लाय तोडणारा स्विच) कधी कधी पडतो. तेव्हा काही लोक अर्थची वायर काढून मोकळे होतात. तसं कधीही करू नका. आणि व्हीएफडी उघडायचा झाला तर प्लग काढून किमान दहा मिनिटं थांबा, आतले कपॅसिटर भरलेले असतात.

किमतीचं म्हणाल तर कंट्रोल बॉक्स शून्य धरा. तुम्ही फ्रेम, स्क्रू आणि स्पिंडल विकत घेताय.

*

प्रतिसाद:

मला पॅरलल पोर्टबद्दल सांगायचंय. जुना मॅक ३ (पीसीवरून सीएनसी चालवणारं सॉफ्टवेअर) घेण्याच्या भानगडीत पडू नका. त्याचा पॅरलल पोर्टचा ड्रायव्हर ३२ बिट विंडोजवरच चालतो. जुना डेस्कटॉप मिळाला तर लिनक्ससीएनसी मोफत आहे आणि उत्तम आहे, पण तुमच्यासाठी जीआरबीएलच सोपं.

तुमच्या अक्षरांचं मात्र मला फार आवडलं. फाँट शोधत बसू नका. नेहमीच्या फाँटमध्ये अक्षराची बाह्यरेषाच असते, म्हणून जॉबवर्कवाल्याकडे तसं झालं. इंकस्केपमध्ये (चित्रं काढायचं सॉफ्टवेअर) बाईंच्या हाताने कागदावर काढलेलं अक्षर स्कॅन करून खाली ठेवा आणि पेनच्या टूलने मधून एक रेघ ओढा. कॅममध्ये (टूलचा मार्ग आखायचं सॉफ्टवेअर) त्या रेघेवरूनच टूल न्यायचं, आत किंवा बाहेर ऑफसेट द्यायचा नाही. १० मिमीचं गोल नाकाचं बिट, ६ मिमी शँकचं (दांड्याचं) घ्या, ईआर ११ मध्ये ते बसतं. खाच गोल तळाची होते, बोट छान सरकतं. ५ मिमी एकदम घेऊ नका, मिलिमीटर-दीड मिलिमीटर करत खाली जा.

*

धागाकर्ता:

दोघांचेही मनापासून आभार. रविवारी जाऊन आलो. जे पाहिलं ते लिहितो, पुढे कुणाला उपयोग होईल.

स्क्रू पुसल्यावर फडक्यावर काळा लगदा आला, त्यात भुशाचे कण स्पष्ट दिसत होते. नख दोन ठिकाणी किंचित थांबलं, अडकलं नाही. लॅपटॉपवरून मशीन पहिल्याच प्रयत्नात हललं नाही, कारण पिनांचा कागद चुकीचा निघाला. एक एक पिन बदलत दीड तास गेला. मालक शेजारी टॉर्च धरून उभा होता. अ‍ॅक्सिस हलला तेव्हा त्यालाही आनंद झाला.

आडव्या अ‍ॅक्सिसचा प्ले ०.०४ मिमी आला. लांब अ‍ॅक्सिसचा ०.१८ आला, आणि मी तिथेच नाही म्हणणार होतो. मग मशीनशॉपवाल्या काकांचं वाक्य आठवून कपलिंग पाहिलं. ग्रब स्क्रू अर्धा फेरा ढिला होता. आवळल्यावर ०.०७. कर्णांत एक मिलिमीटरचा फरक आहे, म्हणजे गॅन्ट्री थोडी तिरकी आहे. बोल्ट ढिले करून ती सरळ करता येईल असं दिसतंय. टेपरला सुई हललीच नाही म्हटलं तरी चालेल.

६२ हजारांत ठरलं. मंगळवारी छोटा हत्ती करून आणलं. गॅन्ट्रीखाली लाकडी ठोकळे दिले, पाणी काढून टाकलं, आणि उचलताना कुणालाही गॅन्ट्रीला हात लावू दिला नाही.

बायकोने एक गोष्ट सांगितली, ती इथे नोंदवतो. मुलं शिरोरेषा शेवटी काढतात. म्हणून मशीननेही आधी अक्षर आणि मग शिरोरेषा कोरावी, आणि 'ळ'ची रेघ मूल जिथून सुरू करतं तिथूनच सुरू व्हावी. लाकडाला त्याने काही फरक पडत नाही. पण मुलं मशीन चालताना बघणार आहेत, लांबून, काचेच्या पलीकडून.

आता अडलंय ते इथे. चौथ्या पिनेला बीप आला नाही. काका म्हणाले तसंच निघालं. स्पिंडल उघडून आतून वायर जोडावी, की त्याच्या क्लॅम्पच्या बोल्टला वेगळी हिरवी वायर लावून व्हीएफडीच्या अर्थला नेली तर चालेल? सोमवारी इलेक्ट्रिशियन येतोय. तोवर प्लग लावलेला नाही.

*

प्रतिसाद:

लावला नाहीत ते उत्तम केलंत. स्पिंडल उघडू नका, पाण्याचं सील बिघडेल. बाहेरून वायर चालेल, पण क्लॅम्पच्या नुसत्या बोल्टवर विसंबू नका. क्लॅम्प अ‍ॅनोडाइझ केलेला अ‍ॅल्युमिनियमचा असतो आणि त्या थरातून वीज जात नाही. आतली बाजू, जिथे स्पिंडलची बॉडी टेकते, तिथे आणि बोल्टखाली पॉलिश पेपरने चकचकीत धातू लागेपर्यंत घासा. दातेरी वॉशर घालून रिंग लग आवळा. मग मीटरचं एक टोक स्पिंडलच्या नाकाला आणि दुसरं तीन पिनांच्या प्लगच्या जाड पिनेला लावा. एक ओहमच्या आत आलं पाहिजे. फ्रेमलाही तशीच वेगळी वायर द्या. आणि इलेक्ट्रिशियनला घराचं अर्थिंगसुद्धा मोजायला सांगा, नुसत्या सॉकेटला तिसरं भोक आहे म्हणून अर्थ आहे असं धरू नका.

पहिली पाटी झाली की फोटो टाका. 'ळ'चीच करा.