पापा मेलँडची पानं गळून नुसत्या काड्या राहतात, औषध सांगा

गच्चीवाली_नाशिक
नमस्कार मंडळी, गच्चीवर कुंड्यांमध्ये आठ-दहा गुलाब आहेत, बाकीचे सगळे गुण्यागोविंदाने नांदतात पण ह्या एका पापा मेलँडने जीव नकोसा केलाय. फूल आलं की काळपट लाल, मखमली, वास तर खाली जिन्यापर्यंत येतो म्हणून टाकवतही नाही. पण पावसाळा लागला की खालच्या पानांवर काळे डाग पडतात, डागांच्या कडा विस्कटलेल्या, मग पान पिवळं होऊन गळतं, गणपतीपर्यंत झाडावर पानच उरत नाही. आणि दिवाळीनंतर थंडी पडली की कोवळ्या शेंड्यांवर नि कळ्यांच्या देठांवर पांढरी भुकटी, कळी वाकडी होते आणि उमलतच नाही. दुकानदाराने गंधक दिलंय, त्याने थंडीतलं पांढरं आटोक्यात येतं पण काळ्या डागांवर ढिम्म फरक नाही. यंदा एक फांदी वरून काळी पडत खाली यायला लागलीये. शेजारच्या काकू म्हणतात नजर लागली :) औषध कुठलं मारू, का उपटूनच टाकू? बाकी खत-पाणी वेळेवर असतं, गच्चीवर धूळ फार म्हणून रोज संध्याकाळी पाइपने सगळी झाडं धुऊन पण काढते.

कात्री_आणि_खुरपं
ताई, आधी ते संध्याकाळचं धुणं बंद करा, औषधाचं नंतर बघू. तुमच्याकडे एक नाही, तीन वेगळी दुखणी आहेत. पावसाळ्यातले ते काळे ठिपके. ह्या बुरशीला पान सलग सातएक तास ओलं मिळालं की ती आत शिरते, संध्याकाळी धुतलेलं पान रात्रभर ओलंच राहतं, म्हणजे तिची सोय आपणच करून देतो. शिवाय खाली पडलेल्या डागाळलेल्या पानांवरून पाण्याच्या शिंतोड्यांबरोबर ती परत वर चढते, त्यामुळे गळलेलं प्रत्येक पान उचलून कचऱ्यात, कंपोस्टमध्ये अजिबात नको. थंडीतली ती भुरी, तिचं गणित उलटं आहे. तिला पान ओलं लागत नाही, दिवसा ऊब, रात्री गारवा आणि हवेत दमटपणा एवढं पुरतं, नाशिकच्या हिवाळ्यात हे सगळं आयतं मिळतं, द्राक्षवाल्यांना विचारा. म्हणून भुरीच्या दिवसांत सकाळी उन्हात झाड धुतलं तर उलट फायदाच.

गंधक भुरीवर चांगलं, काळ्या ठिपक्यांवर त्याच्या भरवशावर राहू नका. पाऊस सुरू व्हायच्या आधीपासून मॅन्कोझेब हे बुरशीनाशक लिटरला २ ग्रॅम, पानांच्या खालच्या बाजूलाही लागलं पाहिजे, आणि मोठी सर येऊन गेली की परत. मध्ये एखाद वेळेस हेक्झाकोनॅझोल हे दुसरं बुरशीनाशक, लिटरला १ मिली, म्हणजे बुरशीला एकाच औषधाची सवय होत नाही. पडलेला डाग जात नसतो हं, नवीन पान स्वच्छ आलं की औषध लागू पडलं समजायचं. मास्क-हातमोजे घाला आणि ह्या झाडाच्या पाकळ्यांचा गुलकंद करू नका. फांदीचं तिसरं दुखणं म्हणजे शेंडेमर, ती कापावीच लागणार.

कोकणातला_बाबू
उपटा म्हणतो मी. आमच्याकडे रत्नागिरी साइडला जून ते सप्टेंबर पान सुकतच नाही, तिथे हे असले नखरे कोण पुरवणार. त्यापेक्षा गावठी गुलाबी लावा, फूल लहान पण वास आहे, आणि घरच्या देवाला वाहायला औषध मारलेलं फूल मला तरी बरं वाटत नाही.

काटेरी_पुणेकर
बाबूराव, गावठी लावाच पण ह्याच्यासाठी तो काढायला नको हो! १९६३ चं वाण आहे, फ्रान्सच्या मेयाँ (आपण मेलँड म्हणतो तेच) घराण्याचं, तेच ज्यांनी पीस गुलाब दिला, आणि हे नाव वाण काढणाऱ्या आलँ मेयाँच्या आजोबांचं. १९८८ मध्ये जागतिक गुलाब महासंघाच्या हॉल ऑफ फेममध्ये गेलाय. अर्थात तो मान फुलाला मिळाला, झाडाला नाही :) भुरी आणि काळे ठिपके ह्याला लागणारच, हे धरून चालायचं. एवढी उस्तवार जमणार नसेल तर तसं स्पष्ट ठरवा, पण औषध बदलत बसून ह्याचा स्वभाव बदलणार नाही.

माझ्या मते जागा बघा आधी. सकाळचं पहिलं ऊन मिळालं पाहिजे म्हणजे दव लवकर वाळतं, आणि कुंड्या एकमेकींना चिकटून नकोत, वारा खेळला पाहिजे. तुमच्याकडे कुंडी आहे हे तर भाग्यच, पावसाळ्यात सरळ पत्र्याच्या कडेला सरकवा, ऊन लागेल पण धार लागणार नाही अशी. युरिया देत असाल तर थांबवा, त्याने लुसलुशीत फूट येते आणि भुरीला तेच हवं असतं. आणि कलमाच्या गाठीखालून जोमदार फूट दिसली तर ती खुंटाची (ज्या जंगली गुलाबावर कलम बांधलंय त्याची), मुळापासून ओढून काढा, नाहीतर वर्षभरात झाड जंगली होऊन बसेल. सात पानांची फूट म्हणजे जंगली असं सगळे सांगतात, त्यावर जाऊ नका, कुठून फुटलीये ते बघा.

स्वयंपाकघरातून
दूध-पाणी एकास नऊ मारून बघा ना, माझ्या भुरीवर चाललं, आणि खायचा सोडा पण.

कात्री_आणि_खुरपं
दूध भुरीवर थोडंफार चालतं, उन्हात मारलं तर. काळ्या ठिपक्यांना नाही. सोडा परत परत मारला की कुंडीच्या मातीत क्षार साठतात, मी तरी नाही वापरत. नीम तेल मारणार असाल तर गंधकानंतर दोन आठवडे तरी जाऊ द्या, दोन्ही जवळजवळ पडली तर पानं भाजतात. आणि ३२ अंशांच्या वर ऊन असेल तर गंधक नकोच.

गच्चीवाली_नाशिक
धन्यवाद सगळ्यांना! पाइप आजपासून सकाळी, आणि फक्त थंडीत. उपटत नाहीये बाबूदादा, सॉरी. मग आत्ता ऑगस्टमध्येच अख्खं झाड छाटून टाकू का, तसंही पान एकही नाहीये?

काटेरी_पुणेकर
नको नको, आत्ता पावसात केलेल्या प्रत्येक कापातून शेंडेमर आत जाईल. मोठी छाटणी पाऊस पूर्ण गेल्यावर, ऑक्टोबरात, मग साधारण ४५ दिवसांनी फुलं. तीही हलकीच ठेवा, पानं गळून झाड आधीच थकलंय. आत्ता फक्त ती काळी फांदी, आणि तीही उघडीप बघून. कात्री स्पिरिटने पुसा, बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या (जिथून नवी फूट येते त्या उंचवट्याच्या) पाव इंच वर तिरका काप द्या आणि आतला गाभा बघा. पांढरट-हिरवा दिसला तर तिथेच थांबा आणि बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याचा लेप) लावा, तपकिरी असला तर अजून एक डोळा खाली. असं करत करत कलमाच्या गाठीपर्यंत पोचलात तर मात्र बाबूरावांचं ऐका.