लॅपटॉपवर वायफाय रडतंय? सातारा-सांगलीकरांनो, अनुभव लिहा

सदरबझार, सातारा (धागाकर्ता)
मोबाइलवर नेट पळतंय आणि लॅपटॉपवर नुसतं गोल फिरतंय, अशी तक्रार सारखी ऐकतो. नेटवाल्याला फोन केला की 'राउटर बंद करून चालू करा', पुढे काही नाही. तर तुमच्याकडे दोष नेमका कुठे सापडला ते लिहा. फक्त आधी राउटरला लॅन केबल लावून स्पीड मोजा आणि तो आकडा द्या. केबलवर पूर्ण, वायफायवर कमी, तर दुखणं घरातलं. केबलवरही कमी, तर बहुतेक बाहेरचं. हे न बघता सल्ले देणं म्हणजे नाडी न बघता काढा पाजणं.

गावभाग, सांगली
२०१९ च्या पुरानंतर आमचा राउटर वरच्या मजल्यावर गेला. २०२१ ला पाणी परत आलं, त्यामुळे तो खाली आणायचं नाव कुणी काढत नाही. केबलवर १०० मेगाबिट (सेकंदाला), खालच्या खोलीत वायफायवर कसेबसे १०. मधे स्लॅब. वायफायचा ५ गिगाहर्ट्झचा पट्टा खाली पोचतच नाही आणि २.४ च्या पट्ट्यात शेजारपाजारच्या राउटरांची गर्दी. चॅनेल (पट्ट्यातली एकेक वाट) ऑटोवरून काढून १, ६, ११ आलटून पालटून बघितले (हे तीन एकमेकांत मिसळत नाहीत). थोडा फरक पडला. शेवटी जिन्यातून केबल ओढली आणि अडगळीतला जुना राउटर खाली ॲक्सेस पॉइंट (केबलवरून आलेलं नेट वायफायने देणारा) म्हणून लावला. आता खालीही ८०-९० मिळतात. स्वस्तातला रिपीटर (वायफाय पकडून पुढे फेकणारा) मात्र घेऊ नका. तो ज्या चॅनेलवर घेतो त्यावरच पुढे देतो, स्पीड जवळपास निम्मा होतो.

कराड
चार्जर काढला की आमचं नेट मरायचं. पॉवर सेटिंगमध्ये वायरलेस ॲडॉप्टर 'मॅक्झिमम परफॉर्मन्स'वर केला. विषय संपला.

विश्रामबाग, सांगली
लॅपटॉप राउटरच्या शेजारी, तरी ४० च्या पुढे जाईना. वायफायच्या प्रॉपर्टीजमध्ये लिंक स्पीड (लॅपटॉप आणि राउटरमधला कागदावरचा वेग) ७२ दिसला, तिथेच कळलं. कार्ड जुनं, एका अँटेनाचं, फक्त २.४ वालं. कागदावर ७२ म्हणजे हातात साधारण निम्मे. यावर ३०० चा प्लॅन घेऊन काय करणार? ५ गिगाहर्ट्झ चालणारा यूएसबी डोंगल लावला.

वाई
आमच्याकडे लिंक ५४ वर अडकलेली. राउटरची सिक्युरिटी टीकेआयपी या जुन्या कूटपद्धतीवर होती, तिच्यावर लिंक ५४ च्या वर जात नाही. ती नव्या डब्ल्यूपीए-२ एईएसवर केली.

मिरज
यूएसबी ३ ची हार्ड डिस्क जोडली की वायफाय ढेपाळतं, बिनवायरी माउसही अडखळतो. हसू नका, त्या पोर्टचा गोंगाट २.४ च्या पट्ट्यातच येतो. डिस्क लांब वायरवर ठेवतो.

शाहूपुरी, सातारा
दादा, १०० चा प्लॅन आणि डाउनलोड करताना १२ च दिसतात. भांडायला जाऊ का?

सदरबझार, सातारा
काकू, ते १२ मेगाबाइट आहेत, प्लॅन मेगाबिटचा. आठाने गुणा, ९६ येतील. या वेळी तरी नेटवाला निर्दोष आहे.