रुजवात : सुरुवात की पडताळणी?

बोरीबाभळी : एका संस्थेचा पाणलोट कामांचा अहवाल घरी आला होता. पहिल्याच पानावर छापलंय, 'परदेशी निधीतून गावात प्रकल्पाची रुजवात झाली.' माझे सासरे तलाठी म्हणून निवृत्त झालेत. ते चष्मा कपाळावर सारून म्हणाले, "काम अजून व्हायचंय आणि रुजवात झालीसुद्धा? कशाशी?" मला तो 'कशाशी' काही उमगेना. रुजवात म्हणजे काहीतरी रुजवायला घेणं, असंच मी धरून चालले होते. पेपरातही तसंच वाचलंय. जाणकारांनी सांगावं.

जुनी बाराखडी : सासऱ्यांना नमस्कार सांगा. रुजवातीचं 'रुजणे'शी नातं नाही, नुसता उच्चार जवळचा. मूळ अरबी 'रुजू'. आपण कामावर रुजू होतो तोच हा शब्द, म्हणजे हजर होणं, समोर येणं. मोल्सवर्थचा जुना मराठी-इंग्रजी कोश काढून बघा : हिशेब, कागद, जबान्या एकमेकांशी ताडून पाहणं ती रुजवात. 'खतावणीची रोजकीर्दीशी रुजवात घातली', म्हणजे खातेवार वही रोजच्या नोंदींच्या वहीशी ताडली, असं वाक्य व्हायचं. म्हणून त्यांनी 'कशाशी' विचारलं. दोन बाजू असल्याशिवाय रुजवात होतच नाही.

वळचण : अहो पण आता सुरुवात हाच अर्थ रुळलाय. भाषा दप्तरखान्याच्या रुमालात बांधून ठेवता येत नाही. शंभरातल्या नव्वद जणांना जो अर्थ कळतो तो खरा. (नव्वद हा माझा अंदाज, पुरावा मागू नका!)

माळरान : रुळलाय हे कबूल. पण जुना अर्थ गेला तर माझं कामाचं हत्यार जातं, म्हणून भांडतोय.

मी रोजगार हमीच्या कामांची तपासणी करणाऱ्या गटात होतो. तेव्हा २००५ च्या रोजगार हमी कायद्याच्या कलम १७ नुसार ही तपासणी ग्रामसभेने करायची असे. तिला कागदोपत्री नाव 'सामाजिक अंकेक्षण'. गावात हा शब्द उच्चारला की माणसं एकमेकांकडे बघतात. आणि प्रत्यक्षात तिथे काय चालतं? मस्टर, म्हणजे मजुरांचा हजेरीपट, मोठ्याने वाचायचं. नाव, दिवस, मजुरीची रक्कम. एका गावी एक नाव वाचलं, पुढे बारा हजेऱ्या. मागून एक मावशी उठल्या : "तो तर तवा ऊसतोडीला बारामतीकडं व्हता. बैलाचं पाय मोडलं म्हणून उचल वाढवून घेतली त्यानं, इचारा." सभेत हशा, आणि रोजगार सेवकाचा चेहरा पांढरा. याला अंकेक्षण म्हणायचं की रुजवात? मस्टर एका बाजूला, मावशींची आठवण दुसऱ्या बाजूला.

याची मुळं राजस्थानात आहेत. मजदूर किसान शक्ती संघटनेने १९९४ च्या डिसेंबरात कोटकिराना गावी पहिली जनसुनवाई घेतली. विकासकामांची बिलं आणि मस्टर लोकांसमोर वाचून दाखवले. घोषणा होती 'हमारा पैसा, हमारा हिसाब'. माहिती अधिकाराची मागणी तिथूनच जोर धरत गेली.

खडूफळा : माळरान, तुमच्याच मुद्द्याला जोड. युगांडात सरकार शाळांना दर मुलामागे अनुदान द्यायचं. १९९१ ते ९५ या काळात त्यातलं किती पोचलं हे बघायला अभ्यासकांनी केंद्राचे वाटपाचे आकडे घेतले आणि अडीचशे शाळांच्या वह्यांतल्या जमेशी ताडले. सरासरी १३ टक्के पोचलेलं! बाकी वाटेत जिरलेलं. मग सरकारने दरमहा किती पैसे सोडले ते वर्तमानपत्रांत छापायला लावलं, शाळांनाही मिळालेली रक्कम भिंतीवर लावायला सांगितलं. २००१ पर्यंत हा आकडा ८० च्या वर गेला. पुढे काहींनी हरकत घेतली की त्याच वर्षांत देखरेखीचे इतरही नियम बदलले होते, सगळं श्रेय छापील आकड्यांना नको. हरकत रास्त आहे. पण १३ हा आकडा सापडला तो मात्र तुमच्या रुजवातीतूनच.

वळचण : म्हणजे गावाला बोलवा, वाचून दाखवा, चोरी थांबली? इतकं सोपं असतं तर आतापर्यंत गरिबी संपायला हवी होती.

खडूफळा : सोपं नाहीच. इंडोनेशियातलं ऐका. जागतिक बँकेच्या मदतीने गावरस्ते होत होते. बेंजामिन ओल्केन या अर्थशास्त्रज्ञाने सहाशेहून जास्त गावांत प्रयोग केला. काही गावांना आधीच सांगितलं की सरकारी लेखापरीक्षक नक्की येणार. काही गावांत हिशेबाच्या सभेची आमंत्रणं घरोघर वाटली. रस्ता झाल्यावर अभियंत्यांनी तो जागोजाग खणला, आत दगड-खडी खरंच किती आहे ते मोजलं आणि बिलाशी ताडलं. लेखापरीक्षणाच्या धाकाने गायब होणारा खर्च सुमारे ८ टक्के-अंकांनी घटला. सभांनी एकूणात फारसा फरक पडला नाही. २००७ साली हे प्रसिद्ध झालं.

वळचण : झालं तर मग. रुजवात हरली, साहेब जिंकले.

माळरान : थांबा, त्या अभ्यासातली खरी मेख पुढे आहे. सभांमुळे मजुरीतली चोरी कमी झाली, खडी-सिमेंटातली झाली नाही. का, ते बघा. आपल्याला किती दिवसांचे पैसे मिळाले हे मजुराला तोंडपाठ असतं. त्याच्याकडे हिशेबाची दुसरी बाजू आहे. रस्त्याच्या पोटात किती घनमीटर खडी गेली हे त्याला कुठून ठाऊक? त्याच्या हाती ताडायला काहीच नाही, मग तो नुसता श्रोता. नुसत्या सभेला म्हणूनच मी रुजवात म्हणणार नाही. आमच्याकडे बांधबंदिस्तीत हेच होतं. हजेरीवर गाव तुटून पडतं आणि मातीकामाच्या मोजमापाला मान डोलावतं. मोजमाप पुस्तिकेतली लांबी-रुंदी टेप घेऊन शिवारात मोजून दाखवली, की मग लोक बोलू लागतात.

परदेशी निधीवाल्या कामांत आणखी एक गंमत. तिथला हिशेब चोख असतो, पण तो वर जातो. संस्था देणगीदाराला, देणगीदार आपल्या संसदेला. २००८ साली घानातल्या अक्राच्या परिषदेत मदतीचे आकडे खुले करायचा आंतरराष्ट्रीय उपक्रम सुरू झाला, चांगलंच झालं. पण ते आकडे संगणकाच्या फायलींत, बहुतेक इंग्रजीत. ज्याच्या नावाने पैसा निघाला त्याने ते कशाशी ताडायचे?

जुनी बाराखडी : शब्दापुरतं एक. लेखापरीक्षण आणि रुजवात यांत म्हणूनच गल्लत नको. लेखापरीक्षणात तिसरा माणूस येतो, कागद बघतो, जातो. रुजवातीत देणारा आणि घेणारा दोघे समोर असतात. दोन्ही लागतात, पण शब्द वेगळे ठेवा. आणि 'रुजवात झाली' असं एकटं लिहू नका, कशाची कशाशी ते लिहा.

बोरीबाभळी : सासऱ्यांना वाचून दाखवलं, खूश आहेत. मग नोटिशीवर 'सामाजिक अंकेक्षण'ऐवजी 'मस्टरची रुजवात, मंगळवारी सकाळी, मारुतीच्या देवळात' असं लिहिलं तर?

वळचण : तरुण पोरं नारळ घेऊन येतील आणि फीत कोण कापणार विचारतील.

माळरान : 'हिशेबाची रुजवात' लिहा. हिशेब म्हटल्यावर नारळ कोणी आणत नाही. आणि खाली एक ओळ घाला : येताना जॉबकार्ड आणि बँकेचं पासबुक आणावे.