एकाच बंद खोलीत अख्खा सिनेमा: हिंमत की काटकसर?

तापीकाठ, अमळनेर
आमच्या नाटकवाल्या टोळीत पेटलेला वाद इथे आणतोय. अहिराणी सिनेमा करायचा आहे, पैसा बेताचा. माझं म्हणणं, सगळी गोष्ट केळीच्या रायपनिंग चेंबरमध्ये, म्हणजे केळी पिकवायच्या बंद थंड खोलीत घडवा. आत अडकलेले दोघंच, एक हमाल आणि एक व्यापाऱ्याचा पोरगा. निम्मी टोळी म्हणते, हे तर कॅमेऱ्यासमोर केलेलं नाटक.

मला हे अजिबात मान्य नाही. सिडनी लुमेटचा 'ट्वेल्व्ह अँग्री मेन' (१९५७) घ्या. ९६ मिनिटांतली जेमतेम तीनेक मिनिटं ज्युरीची, म्हणजे खटल्याचा निकाल ठरवणाऱ्या बारा जणांची खोली आणि तिचं स्वच्छतागृह सोडून बाहेर जातात. लुमेटने सुरुवातीला कॅमेरा नजरेच्या वर ठेवला, मध्ये नजरेच्या पातळीवर आणला आणि शेवटी त्याच्याही खाली, इतका की छत दिसायला लागतं. लेन्सही हळूहळू लांब पल्ल्याच्या लावत नेल्या, म्हणून भिंती माणसांना चिकटल्यासारख्या वाटतात. खोली तीच, पण शेवटाला ती सुरुवातीची राहत नाही. रंगमंचावर प्रेक्षकाची खुर्ची अशी सरकवता येते का?

शेवभाजी धुळेकर
लेन्सचं कौतुक बास करा भाऊ. तो सिनेमा आधी लेखकाचा आहे. रेजिनाल्ड रोजचं टीव्ही नाटक १९५४ सालचं, म्हणजे बारा माणसं कागदावर तीन वर्षं आधीच उभी होती. तुमच्याकडे कागदावर काय आहे? खोली!

आणि खरं दुखणं वेगळंच. सातपुडा, तोरणमाळ, तापीचं पात्र, कापसाची शेतं यातलं पडद्यावर किती आलंय? आपलं माणूस आपली माती बघायला तिकीट काढेल, आणि तुम्ही त्याला पत्र्याच्या डब्यात कोंडणार? हाच डबा सुरतला ठेवला तर काय फरक पडेल?

भुसावळी
फरक पडेल ना. बाहेर मे महिन्यातले ४५ अंश आणि आत गारवा, हा खेळ आपल्याकडेच रंगतो. त्या ज्युरीच्या खोलीत पंखा चालत नाही, सगळे घामाने निथळतात, आणि पुढे दिवे लावल्यावर तो आपोआप फिरू लागतो. ते दृश्य भुसावळच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. 😀

अशा सिनेमांची खरी अडचण म्हणजे माणूस अडकतो कसा. तिथे बहुतेकांची ओढाताण होते. तुमचा हमाल दुपारी गारव्यासाठी स्वतःच आत शिरून दार लोटून घेईल. कोणाला खोटं वाटणार नाही.

रावेरचा केळीवाला
मला वाटेल, कारण चेंबर आमचं आहे. आत १६ ते १८ अंश तापमान ठेवतो, घाम सुकेपर्यंत बरं, मग कुडकुडायला होतं. इथिलीन हा फळ पिकवणारा वायू सोडतो. केळी पिकताना कार्बन डायऑक्साइड साठतो आणि तो वाढला की पिकणं मंदावतं, म्हणून अधूनमधून दार उघडून हवा खेळवावी लागते. शिवाय दाराला आतून उघडायची सोय आहे. ती मोडलेली दाखवा, नाहीतर पहिल्या पाच मिनिटांत पिक्चर संपला.

पंख्याचा आवाज सतत असतो, संवाद रेकॉर्ड होणार नाहीत, डबिंगची तयारी ठेवा. आणि रावेर-यावलचा हमाल अहिराणी का बोलेल बाप्पा? इकडे लेवा बोली.

एक गोष्ट मात्र फुकट देतो. हिरवा घड पिवळा व्हायला चार-पाच दिवस लागतात. किती वेळ गेला ते घड्याळाशिवाय दिसेल.

शेवभाजी धुळेकर
म्हणजे रोज दार उघडणार आणि हे चार दिवस आत! बसा जुळवत.

स्वस्ताईबद्दलही एक भ्रम आहे. 'बरीड' (२०१०) हा अख्खा सिनेमा शवपेटीत आहे, बार्सिलोनात १७ दिवसांत चित्रित केला. पण कॅमेरा फिरावा म्हणून त्या एका पेटीसाठी सात पेट्या बनवल्या. तुमच्या चेंबरची एक भिंत काढू देईल का केळीवाला? त्यात अहिराणी प्रेक्षकाला गाणी लागतात. यूट्यूबवर आपली गाणीच तर चालतात.

नाटकवेडी, चाळीसगाव
गाण्यांचं राहू द्या. 'इत्तेफाक' (१९६९) मध्ये राजेश खन्ना असून एकही गाणं नाही, आणि मूळ गुजराती नाटक.

'हे तर नाटक' हा शब्द तुम्ही दोघेही शिवीसारखा का वापरता? लक्ष्मण देशपांड्यांनी 'वऱ्हाड निघालंय लंडनला'मध्ये एकट्याने ५२ पात्रं उभी केली, प्रेक्षकांना अख्खं वऱ्हाड दिसलं. जागा कमी पडली नाही.

तापीकाठदादा, मला तुमच्या खोलीपेक्षा त्या दोघांची काळजी आहे. बाहेर एक शेठचा पोरगा आणि दुसरा त्याच्या घरचा हमाल. आत पिशवीत भाकरी आहे हमालाकडे. मागणार कोण आणि कोणत्या शब्दांत? हे लिहिलंत तर छत दाखवा किंवा दाखवू नका. नाही लिहिलंत तर तोरणमाळला नेऊनही काही होणार नाही, हे शेवभाजीदादांनाही सांगते.

तापीकाठ, अमळनेर
भाकरी घेतली. हमाल चोपड्याकडून आलेला करतो, मग अहिराणी चालेल. दार एका रात्रीपुरतंच बंद ठेवतो आणि आत तीन वेगवेगळ्या दिवशी भरलेला माल, हिरवा, अर्धा आणि पिवळा. शेवभाजी, तुमचा सातपुडा फक्त बोलण्यात येईल. तेवढं पुरेसं आहे असं मी अजूनही म्हणतो.

शेवभाजी धुळेकर
बोलण्यातला सातपुडा रेडिओवर ऐकू की.

रावेरचा केळीवाला
भिंत काढता येणार नाही, पण एक चेंबर रिकामं देऊ शकतो. पंखे बंद हवे असतील तर थंडीत या, तेव्हा परवडेल. मेमधला घाम मात्र तुम्हालाच बाटलीने फवारावा लागेल.