अनुभव धागा: गाडीचा बेल्ट घरी बदललाय का?

गेल्या आठवड्यात पहिल्या पावसात आमच्या जुन्या अल्टोने सकाळी साडेसहाला अशी किंकाळी फोडली की तिसऱ्या मजल्यावरच्या काकू गॅलरीत आल्या. टॉर्च मारून बघितलं तर अल्टरनेटरच्या (बॅटरी चार्ज करतो तो) बेल्टला आतून आडव्या भेगा. गॅरेजवाला म्हणाला, शनिवारी आणा. शनिवारपर्यंत काकूंना तोंड द्यायची हिंमत नव्हती, म्हणून स्वतःच घाट घातला.

बेल्टच्या पाठीवर 4पीके आणि पुढे एक आकडा असतो. 4 म्हणजे रेघा, पुढचा आकडा म्हणजे लांबी, मिलिमीटरमध्ये. तो पुसला गेला होता, म्हणून मॅन्युअल आणि आरसीची झेरॉक्स घेऊन दुकानात गेलो. एसीचा बेल्ट बाहेरच्या अंगाला, आपला त्याच्या मागे. म्हणजे धडधाकट होता तोच आधी काढायचा. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडली, अल्टरनेटरचा वरचा बोल्ट ढिला केला आणि टॉमी (लोखंडी दांडा) घालून अर्धा तास रेटत बसलो. ढिम्म हलेना. मग कळलं, ज्यावर तो झुलतो तो खालचा बोल्टही सैल करावा लागतो. तिथे पाना बसतो पण फिरत नाही, आणि फिरतो तिथे हात जात नाही. एकूण अडीच तास, त्यातले दोन त्या बोल्टपायी.

तुमचेही अनुभव येऊ द्या. फसलेले आधी.

बारा-चौदा: फसलेला माझ्याकडे आहे. 6पीके चढवला, टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) सोडला, इंजिन चालू केलं, आवाज गायब. कॉलर टाइट! दुसऱ्या दिवशी खंबाटकीच्या अलीकडे रबर जळाल्याचा वास आणि बॉनेटखाली फटक-फटक. वरच्या सगळ्या पुलींवर बेल्ट नीट होता, पण खाली क्रँकच्या पुलीवर (इंजिन जिच्यावरून बेल्ट फिरवतं ती) एक खाच बाहेर. कडेची रेघ सोलून नाडीसारखी लोंबत होती. आता किल्ली खिशात ठेवतो, खाली आडवा होतो आणि प्रत्येक पुलीच्या दोन्ही काठांवरून बोट फिरवतो. दिसण्यावर विश्वास नाही.

काळीपिवळी: आमचे बाबा मुंबईत पद्मिनी टॅक्सी चालवायचे. तिला एकच फॅन बेल्ट, व्ही आकाराचा. पंखा, वॉटर पंप आणि चार्जिंग, सगळं त्याच्यावर. डिकीत स्टेपनीच्या पोटात एक सुटा बेल्ट कायम, जुन्या बनियनमध्ये गुंडाळलेला. पॅसेंजर मागे बसलेला असताना त्यांनी बेल्ट बदललेला मी पाहिलाय, वीसेक मिनिटांत. त्या वीस मिनिटांचं वेटिंग लावायचं का, यावर मात्र जास्त वेळ गेला. बेल्ट चिरकायला लागला की साबणाची वडी घासायचे. आवाज थांबायचा, दोन दिवसांनी पुन्हा सुरू. हल्लीच्या रेघांच्या बेल्टला असलं काही लावू नका.

घाटवाट: आम्ही बदलला नाही म्हणून काय झालं, ते सांगतो. वडिलांची मारुती 800, गणपतीला गावी निघालेलो, कशेडी चढताना बॅटरीचा लाल दिवा लागला. गाडीत दोन पक्ष पडले, "बॅटरी उतरली" आणि "दिवाच खराब". वाद रंगात असताना टेम्परेचरचा काटा कधी वर गेला, कुणी बघितलंच नाही. वॉटर पंप त्याच बेल्टवर आहे हे तेव्हा कुणाला माहीत! नायलॉनच्या दोरीचा बेल्ट करून पाहिला, पहिल्याच वळणाच्या आत विरघळून तुटला. शेवटी टेम्पोला बांधून उलटे पोलादपूरला. दोष आमचाच, इतक्या वर्षांत कुणी वाकून बघितलं नव्हतं. दिवा लागला तर आधी थांबा, वाद नंतर.

एडिसनकर: न्यू जर्सी, 2005ची कोरोला. सगळ्यांना मिळून एकच लांबलचक बेल्ट. टेन्शनरवर 19चा पाना लावून ओढला की बेल्ट हातात. दहा मिनिटं. फोटो मात्र काढला नव्हता. मग चिल्यापिल्यांच्या कोड्यासारखा तासभर हा इथून की तिथून. शेवटी बायको वाकून म्हणाली, अरे, गुळगुळीत पुली दिसतेय ना, तिच्यावर बेल्टची सपाट पाठ, रेघा रेघांच्या पुलीवर. त्या हिशोबाने दोन मिनिटांत लागला. लांब दांड्याचा पाना इथे पार्ट्सच्या दुकानात अनामत ठेवून फुकट वापरायला मिळतो, विकत घेऊ नका.

नवशिक्या: टायमिंग बेल्टपण असाच घरी जमेल का?

बारा-चौदा: नको. टायमिंग बेल्ट इंजिनातल्या व्हॉल्व्हची वेळ पिस्टनशी जुळवून ठेवतो. हा बाहेरचा चुकला तर गाडी थांबते. तो चुकला तर बऱ्याच इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आदळू शकतो. आणि आधी आपल्या गाडीत तो आहे का ते बघ. स्विफ्ट डिझेलमध्ये चेन आहे.

गोटीपाना: मी नाशिकची. नवा बेल्ट टाकूनही आवाज तसाच, म्हणून अजून घट्ट केला. मग चिर्रच्या जागी घूंऽऽ असा आवाज सुरू. घट्ट बेल्ट अल्टरनेटरचं आणि पंपाचं बेअरिंग खातो, हे पदरचे पैसे घालून शिकले. मूळ आवाज आयडलरचा (बेल्टला नुसती वाट दाखवणारी पुली) होता. बेल्ट काढल्यावर प्रत्येक पुली हाताने फिरवून बघायची होती, चांगली असेल तर गुपचूप फिरते, गेलेली वाळू भरल्यासारखी खरखरते. तेवढं केलं असतं तर! आणि चालू इंजिनवर लांबून रेघांच्या बाजूला पाण्याचा बारीक फवारा मारून बघा. आवाज वाढला तर बेल्ट सैल आहे. क्षणभर थांबून परत आला तर पुली सरळ रेषेत नाहीत.

धागाकर्ता: गोटीपाना, आज फवारा मारला, किंचित वाढला. नवा बेल्ट सुरुवातीला थोडा सैलावतो म्हणे, तेव्हा परत त्या खालच्या बोल्टच्या वाटेला जाणं आलं. काकूंनी मात्र काल जिन्यात विचारलं, "गाडी विकलीत का हो?"